आक्कानं विचारलेली खूण

माझी थोरली बहीण वेरूळला घृष्णेश्वराच्या रस्त्यावर बेलफुलांचं दुकान चालवते. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि पुढं एक फळी. फळीवर बेलाच्या जुड्या, नारळ आणि झेंडूच्या माळा असतात, पण तिचं खरं काम फळीच्या मागं चालतं. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो. कातडी पट्टा चालत नाही, मोबाइलही बाहेर ठेवावा लागतो. लोक हे सगळं आक्काकडं ठेवून जातात. ती प्रत्येकाचं सामान एका कापडी पिशवीत घालते, तोंड बांधते आणि मागच्या दोरीवर अडकवते. टोकन नाही, चिठ्ठी नाही. माणूस दर्शन घेऊन परत आला की ती एवढंच म्हणते, "खूण सांगा."

खूण म्हणजे पिशवीत काय आहे ते सांगायचं. खिशात काय, पाकीट कोणत्या रंगाचं, मोबाइलच्या पाठीला काय चिकटवलंय. बरोबर सांगितलं की पिशवी हातात. लोक हसतात, काही चिडतात. एकदा एका नव्या नवरदेवाला पाकिटात काय आहे ते बायकोसमोर सांगता येईना. तो नुसताच लाल झाला. आक्का काय समजायचं ते समजली आणि तिनं विचारलं, बरं, शर्टाचं कोणतं बटण तुटलंय तेवढं सांगा. वीस वर्षांत तिच्याकडून एकही पिशवी चुकीच्या माणसाच्या हाती गेली नाही. हे ती स्वतः कधी सांगत नाही, समोरची फुलवाली सांगते.

आणि ह्याच आक्कानं माझा फोटो लावलेल्या एका परक्या नंबरवर, दुकानाच्या नव्या पत्र्यासाठी साठवलेले पैसे पाठवून दिले. खूण न विचारता. त्यात तिची चूक किती आणि माझी किती, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, पण तेही खरं नाही.

मी शहरात, उस्मानपुऱ्यात राहतो, एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क आहे. आक्काकडं जो मोबाइल आहे तो माझाच जुना. शहागंजात एका टपरीवर त्याची फुटलेली काच बदलून घेतली आणि तिला देऊन टाकला. देताना असा आव आणला की जणू जमीनच नावावर करून देतोय. मेसेज कसा करायचा ते शिकवलं, फोटो कसा पाहायचा ते शिकवलं आणि शेवटी नियम सांगितला. आक्का, ऑफिसच्या वेळात फोन करत जाऊ नको, मेसेज कर. खरं तर ऑफिसच्या वेळेचा प्रश्नच नव्हता. तिचा फोन आला की अर्धा तास जायचा. म्हशीपासून सुरुवात व्हायची आणि गावातल्या बारशावर संपायचं, आणि मला तेवढा दम नव्हता.

तिनं नियम पाळला. सकाळी देवाचा फोटो पाठवायची, मग दोन ओळी लिहायची. आज गर्दी लई हाय. बेल महाग झाला. तुझं पोट कसं हाय. मी उत्तर द्यायचो: ठीक. कधी बघतो, कधी नंतर. बहुतेक वेळा नुसता अंगठा.

इथं दोन वर्षं मागं जावं लागेल, कारण सगळ्याचं मूळ तिथं आहे. आक्काच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि शहरातल्या एका दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली होती. तिनं मला विचारलं, तू असशील ना बरोबर. मी सांगितलं की नेमकं त्याच आठवड्यात मुंबईहून इन्स्पेक्शन येतंय, सुट्टी मिळणं शक्य नाही. इन्स्पेक्शन वगैरे काही नव्हतं. सासरच्या मंडळींबरोबर महाबळेश्वरचं बुकिंग झालं होतं आणि ते रद्द करायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी मनाशी म्हणालो, मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हल्ली पंधरा मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी सोबत कशाला हवी, असा हिशेब मी तेव्हा स्वतःच्या सोयीनं केला.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या शेतात उभा राहून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवायला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, आक्कांना दिसेल. मग मी सेटिंगमध्ये गेलो. स्टेटस कुणाला दिसू नये त्याची एक यादी असते. त्यात आक्काच्या नावावर बोट ठेवलं आणि काम झालं. घरी आल्यावर तिचं नाव काढून टाकायचं, असं ठरवलं होतं. राहून गेलं. मग हळूहळू असं वाटू लागलं की राहिलंय तेच बरं आहे, उगाच प्रश्न नकोत.

पुढं महिनाभरानं ती काळा चष्मा लावून आमच्याकडं आली. मी म्हणालो, काय आक्का, हिरॉइनच की. ती खळखळून हसली. ऑपरेशन कसं झालं, असं मी विचारलं आणि ती चांगलं झालं म्हणाली. तिथं माझी चौकशी संपली.

आता त्या सोमवारचं सांगतो. सकाळी साडेअकराच्या सुमारास ऑफिसातला एक सहकारी माझ्या टेबलाशी आला आणि त्याचा मोबाइल माझ्यापुढं धरला. परक्या नंबरवर माझा फोटो होता, पुतणीच्या लग्नातला फेटा बांधलेला, आणि खाली मजकूर: हा माझा नवीन नंबर, मीटिंगमध्ये आहे, कॉल करू नका, अर्जंट पैसे पाठवा, संध्याकाळी परत करतो. तो फोटो माझ्या प्रोफाइलला कुणालाही दिसेल असा ठेवला होता आणि नंबर बहुधा त्याच लग्नाच्या ग्रुपमधून उचलले होते. त्या ग्रुपमध्ये मांडववाल्यापासून बँडवाल्यापर्यंत दीडशे माणसं होती आणि लग्न होऊन वर्ष झालं तरी तो मी बंद केला नव्हता.

मी ताबडतोब स्टेटस ठेवलं. माझ्या नावानं कुणी पैसे मागितले तर पाठवू नका, तो मी नव्हे. मग फोन सुरू झाले. साहेबांनी विचारलं, व्याह्यांनी विचारलं, शाळेतल्या एका मित्रानं कितीतरी वर्षांनी फोन केला. खोटं कशाला बोलू, मला त्या गडबडीत जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. आपल्या नावावर कुणी फसवतोय म्हणजे आपल्या नावाला बाजारात काहीतरी भाव आहे.

त्यात एकदा आक्काची आठवण झाली होती. त्या ग्रुपमध्ये तीही होती. तिला एक फोन करावा असं मनात आलं, पण लगेच तो अर्धा तास आठवला. आणि वाटलं, आक्काकडं कोण कशाला मागतंय. चहा आला आणि विषय डोक्यातून गेला.

संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. ऑफिसची वेळ टळली होती, तरी मेसेज न करता फोन केला म्हणून आधी तिनं माफी मागितली आणि मग विचारलं, भाऊ, भागलं का तुझं काम?

तिनं दुपारी दोनला, गर्दी ओसरल्यावर, सगळे पैसे पाठवले होते. मी तिच्यावर ओरडलो. आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. साऱ्या दुनियेला खूण विचारतेस, नारळ घेणाऱ्याला विचारतेस, आणि एवढे पैसे पाठवताना अक्कल कुठं गेली होती, असं बरंच काही मी बोललो. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर हळूच म्हणाली, "घरच्या माणसाला खूण विचारायची असती व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच तिला सायबर पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. तिथले अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि तिला विचारलं, मावशी, तुम्हाला जरासुद्धा शंका आली नाही का? माझी बहीण मला वाचवायला निघाली होती की बुडवायला, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा ती फक्त खरं बोलली.

"शंका यायला काय झालं साहेब," ती म्हणाली. "ना आक्का म्हटलं, ना कशी हायस म्हणून विचारलं. ह्याचे मेसेज असेच असत्यात."

अधिकाऱ्यांनी तिचा मोबाइल घेतला आणि आधी त्या भामट्याचे मेसेज वाचले, मग माझे. माझे वाचायला वेळ लागला नाही. ठीक. बघतो. नंतर. अंगठा. मी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या जप्त मोटारसायकली मोजत बसलो.

मग त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काल सकाळीच कळलं होतं, तर सगळ्यांना सावध केलं होतं का. इथं मला जरा जोर आला. मी सांगितलं, हो तर, लगेच स्टेटस ठेवलं होतं, साडेअकरालाच. मोबाइल काढून दाखवलासुद्धा.

आक्का वाकून बघू लागली. "मला तर तुझं स्टेटस कदी दिसतच नाय," ती म्हणाली. "मला वाटलं तू ठेवतच नाहीस."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या खुर्चीत बसून त्यांनी असल्या सेटिंगा किती पाहिल्या असतील कुणास ठाऊक. मी म्हणालो, वेरूळला रेंज नसते ना, त्यामुळं असेल. आणि आक्कानं मान हलवली. व्हय, असंल, आमच्याकडं रेंजची लई बोंब हाय.

आजवर मी बरंच खोटं बोललो आहे, कार्यालयात तर ते कामाचाच भाग आहे. पण पोलिसांसमोर, फसवल्या गेलेल्या बहिणीच्या शेजारी बसून, तिला तिसऱ्यांदा फसवताना मला एवढी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पहिल्यांदा इन्स्पेक्शन सांगून, दुसऱ्यांदा यादीत टाकून, आणि तिसऱ्यांदा हे. त्या भामट्यानं तिला एकदाच फसवलं होतं.

उठण्याआधी अधिकाऱ्यांनी आम्हाला चार गोष्टी समजावल्या. नवा नंबर म्हणून कुणाचा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा. कुणी कॉल करू नको म्हणालं तर आधी कॉलच करायचा. प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असा ठेवायचा. आणि घरात एक प्रश्न ठरवून ठेवायचा, ज्याचं उत्तर फक्त घरच्यालाच माहीत असेल आणि मोबाइलवर कुठंच सापडणार नाही. हे शेवटचं ऐकून आक्काचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. ह्ये तर आमचंच काम हाय साहेब, ती म्हणाली.

पत्र्याचे पैसे मी त्याच आठवड्यात दिले. तिनं घेतले आणि पत्रा बसलाही. पैशाचं तिथं मिटलं. पोलीस ठाण्यातून आलो त्याच रात्री मी तिचं नाव यादीतून काढलं होतं. चार दिवसांनी तिचा मेसेज आला. भाऊ तुझं स्टेटस दिसाया लागलं. रेंज सुधारली बघ. हे वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि बराच वेळ त्याला हात लावला नाही.

त्यानंतर मी सुधारलो, म्हणजे लांब मेसेज लिहू लागलो. आक्का, कशी आहेस, जेवलीस का. खरं सांगायची वेळ मात्र पुढं ढकलत गेलो. दोनदा वेरूळला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा पेरू घेऊन परत आलो.

मग परवा माझा मोबाइल रिक्षात राहिला. ऑफिसात पोचलो तेव्हा लक्षात आलं, लावून पाहिला तर बंद. ह्या वेळी माझ्या डोक्यात पहिलं नाव आक्काचं आलं. सहकाऱ्याच्या मोबाइलवरून घरी फोन केला, बायकोकडून आक्काचा नंबर लिहून घेतला आणि साहेबांना कळवायच्या आधी तिला लावला. माझ्या मोबाइलवरून कुणी काही मागितलं तर देऊ नको, एवढंच सांगायचं होतं. आपण ह्या वेळी किती शहाण्यासारखं वागतोय, असं वाटून मला माझंच कौतुक वाटत होतं.

मी म्हणालो, आक्का, मी बोलतोय, माझा मोबाइल हरवलाय.

पलीकडं मंदिरातली घंटा ऐकू आली. मग तिचा आवाज आला, पण माझ्याशी बोलतानाचा नाही. फळीपलीकडं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

"पाव्हणं, खूण सांगा."

मी हसलो आणि म्हणालो, विचार.

"माझ्या कोणत्या डोळ्याचं आप्रेशन झालं?"

तिनं अवघड प्रश्न विचारला नव्हता. घरच्याला सहज येईल आणि परक्याला कधीच येणार नाही, असा सगळ्यात सोपा प्रश्न तिनं निवडला होता. मला तो काळा चष्मा आठवला. दोन्ही डोळ्यांवरचा. त्यापलीकडं काही आठवेना. सहकारी त्याचा मोबाइल परत मिळायची वाट पाहत उभा होता. मी म्हणालो, डावा.

"चुकलं पाव्हणं," ती म्हणाली. "माझ्या भावाला म्हाइत असतं." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. तिनं तो नंबर ब्लॉक केला होता, आणि ब्लॉक कसा करायचा ते मीच तिला शिकवलं होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझा मोबाइल कुणाच्या हातात आहे ते ठाऊक नव्हतं आणि तिला सावध करणं भागच होतं. बायकोकरवी निरोप देता आला असता, पण डोळ्याचं ते बोलणं निरोपातलं नव्हतं. स्टँडवरून बस धरली. दौलताबादच्या पुढं, खुलताबादचा घाट चढेपर्यंत मी दवाखान्यातली ती खोली डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होतो. पण जिथं मी कधी गेलोच नव्हतो ते आठवणार कुठून?

दुकानाशी पोचलो तर आक्काच्या आधी समोरची फुलवालीच बोलू लागली. भाऊ, तुमची बहीण लई हुशार, आज सकाळी एकाला असा पळवून लावला. आक्का बेलाच्या जुड्या बांधत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी बसायच्या आधीच तिनं सगळं सांगितलं. कसा फोन आला, कसा तुझा आवाज हुबेहूब काढला, आता मशीनवर आवाजसुद्धा काढत्यात म्हणे. मी म्हटलं खूण सांगा, तर गडी डोळा चुकला. आता मला कुणी फसवीत नाय भाऊ, तू काळजी करू नको.

तिला एवढी खूश मी दिवाळीतही पाहिली नव्हती. गप्प बसलो असतो तर तिचा तो आनंद तसाच राहिला असता आणि माझी अब्रूही. समोरची फुलवालीही कौतुकानं बघत होती.

"आक्का, तो मीच होतो," मी म्हणालो.

तिला आधी ती मस्करी वाटली. मग मी सगळं सांगितलं. इन्स्पेक्शन नव्हतं ते, महाबळेश्वर, स्ट्रॉबेरीचा फोटो, ती यादी, तिच्या नावावर ठेवलेलं बोट, साडेअकराचं स्टेटस. रेंजचंही सांगितलं. फुलवाली मान वळवून पाणी शिंपडत बसली. मधे दोघं दर्शन घेऊन आले, उघड्या अंगानं समोर उभे राहिले. आक्कानं त्यांना खूण विचारली, पिशव्या दिल्या आणि परत खाली बसली. माझ्याकडं बघितलं नाही.

"मी त्या साहेबाला म्हटलं व्हतं, रेंज नसंल," ती म्हणाली.

तिनं जुडीची गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला.

"उजवा," ती म्हणाली. "आता तुला कळलं, म्हंजी ह्यो प्रश्न बाद. पुढच्या बारीला दुसरं कायतरी विचारीन."

मी विचारलं, काय विचारशील? ती म्हणाली, ते आधी सांगितलं तर मग खूण कसली.

चारची बस मी सोडली, साडेपाचचीही सोडली. फळीमागं बसून बेलाची पानं तीन-तीन करून तिच्या हातात देत राहिलो आणि विचारत राहिलो. दवाखान्यात बरोबर कोण होतं? कुणी नाय. परत कशी आलीस? एस.टी.नं, पट्टी बांधून. आणि महिनाभर डोळ्यात औषध टाकायचं होतं ना, ते कोण टाकायचं?

"मीच," आक्का म्हणाली. "आरशात बघून."